लो बोनेट की हाय बोनेट? जुनी जीप घेण्याआधी

मी कुंडमहून बोलतोय. जबलपूरहून दिंडोरीकडे निघालात की जंगलपट्टीत जे तहसिलीचं गाव लागतं, ते हे कुंडम. फौजेत माझी उभी नोकरी ईएमईत झाली. ईएमई म्हणजे गाड्या आणि हत्यारं दुरुस्त करणारी कोअर. त्यामुळे निवृत्तीनंतरही लोक मला तब्येत विचारतात आणि लगेच जीपवर येतात.

प्रश्न बहुतेक एकच असतो. "साहेब, जुनी जीप घ्यायची आहे. लो बोनेट घेऊ की हाय बोनेट?"

उत्तर आधीच सांगून टाकतो, ज्यांना घाई आहे त्यांची सोय होईल. जपून ठेवायची आणि प्रदर्शनात न्यायची असेल तर लो बोनेट. चालवायची आणि पुढं मुला-नातवंडांच्या हातात द्यायची असेल तर हाय बोनेट. पण यापेक्षा महत्त्वाची गोष्ट तिसरी आहे. एकीला कापून दुसरी बनवलेली गाडी कधीही घेऊ नका, आणि स्वतःही तसं करू नका. आजचं सगळं बोलणं या तिसऱ्या गोष्टीसाठी आहे.

एक खुलासा. जबलपूरच्या माणसानं जुन्या गाड्यांवर बोलावं आणि जोंगाचं नाव घेऊ नये, हे इथल्या मंडळींना खपणार नाही. जोंगा आमच्या व्हेइकल फॅक्टरीत बनली, तिच्या नावातच जबलपूर आहे. पण तिचं मूळ जपानी, निसानचं. आज आपण दोन अमेरिकन वंशाच्या गाड्यांची तुलना करतोय. जोंगावर पुन्हा कधीतरी.

आधी लो बोनेटचं कूळ पाहू. १९४० साली अमेरिकन सैन्याला एक छोटी, हलकी, चारही चाकांना जोर देणारी गाडी हवी होती. बँटम नावाच्या एका लहान कंपनीनं त्याच वर्षी सप्टेंबरात पहिला नमुना हजर केला. पण सैन्याला हव्या तेवढ्या गाड्या बनवणं त्या कंपनीच्या आवाक्यातलं नव्हतं. मोठं काम गेलं विलिस-ओव्हरलँड आणि फोर्ड यांच्याकडे. विलिसनं बनवलेली ती एमबी, फोर्डनं बनवलेली ती जीपीडब्ल्यू. आराखडा एकच, आणि एकीचे सुटे भाग दुसरीला बसले पाहिजेत ही सैन्याची अट. १९४१ ते १९४५ या काळात दोघांनी मिळून सहा लाखांहून जास्त गाड्या काढल्या.

या गाड्या आपल्याकडे आल्या त्या महायुद्धाच्या ओघात. आसामात लेडोपासून ब्रह्मदेशाकडे रस्ता काढण्याचं काम अमेरिकन सैन्य करत होतं, आणि भारत हा त्या सगळ्या आघाडीचा पाठीमागचा तळ होता. युद्ध संपल्यावर मागं राहिलेल्या गाड्या विकल्या गेल्या. कुणी चहाच्या मळ्यात नेली, कुणी जंगलात लाकडं ओढायला, कुणी शिकारीला. आज एखाद्या वाड्याच्या मागं गवतात उभी सापडते, ती बहुधा त्यातलीच.

आता हाय बोनेट. लो बोनेटच्या इंजिनाला 'गो डेव्हिल' म्हणतात. चार सिलिंडर, २.२ लिटर, ६० अश्वशक्ती. त्यात हवा आत घेणारे आणि धूर बाहेर टाकणारे दोन्ही व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला, ब्लॉकमध्येच असतात. म्हणून इंजिन बुटकं. पुढं विलिसनं त्याच ब्लॉकवर सुधारणा केली. आत घेणारा व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेला, बाहेर टाकणारा खालीच ठेवला. हे 'हरिकेन' इंजिन. ताकद सत्तरच्या वर गेली, पण इंजिन उंच झालं आणि जुन्या बोनेटखाली मावेना. मग काय करावं? बोनेटच उंच केलं. तीच १९५३ ची सीजे-३बी, म्हणजे आपली हाय बोनेट. अमेरिकेत दिसायला बेढब म्हणून नाकं मुरडली गेली. तिकडे ती १९६८ मध्ये बंद झाली.

आपल्याकडे मात्र तिनं संसार मांडला. महिंद्र मंडळींनी स्वातंत्र्याच्या सुमारास विलिसशी करार करून मुंबईत माझगावला सुट्या भागांतून जीप जुळवायला सुरुवात केली होती. पुढं इथंच बनवायला घेतली, आणि अमेरिकेत बंद पडल्यावरही हाय बोनेट इथं वर्षानुवर्षं निघत राहिली. कलेक्टरची जीप, बीडीओची जीप, वनखात्याची, पोलिसांची, निवडणुकीच्या प्रचाराची. आपल्याकडे नुसतं 'जीप' म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती हीच.

आणि फौजेची. जीपवर १०६ मिलिमीटरची रिकॉइललेस तोफ बसवलेली गाडी आमच्या पिढीनं रोज पाहिली. ती तोफ दोनशे किलोच्या वर भरते. ती घेऊन उसाच्या शेतात दडायचं, गोळा टाकायचा, आणि धूर दिसला म्हणून उत्तर यायच्या आत जागा बदलायची. सप्टेंबर १९६५ मध्ये खेमकरणच्या आघाडीवर हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवरच्या अशाच तोफेनं पॅटन रणगाडे फोडले आणि तिथंच वीरमरण पत्करलं. त्यांना परमवीर चक्र मिळालं. त्यांची रेजिमेंट ग्रेनेडियर्स, आणि ग्रेनेडियर्सचं केंद्र आमच्या जबलपुरातच आहे. त्यामुळे जीप ही इथं नुसती हौसेची वस्तू नाही.

आता दोघी चालवायला कशा, ते पाहू. दोघींचा व्हीलबेस सारखाच, ८० इंच. दोघींना तीन पुढचे गिअर आणि मागं दोन वेगांची ट्रान्सफर केस. फरक दात्यांच्या हिशोबात आहे. एमबीच्या डिफरन्शियलचं प्रमाण ४.८८, हाय बोनेटचं ५.३८. ट्रान्सफर केसचं लो एमबीत १.९७, हाय बोनेटमध्ये २.४६. हे आकडे रटाळ वाटतील, पण सगळा स्वभाव त्यातच आहे. एमबी मोकळ्या रस्त्यावर हलकी पळते. हाय बोनेट रस्त्यावर लवकर ओरडायला लागते, पण लो टाकून चढावर सोडली की क्लच न जाळता मुंगीच्या चालीनं वर जाते. कुंडमच्या आसपासच्या दगडी नाल्यांत आणि पावसाळी चिखलात काम करायचं तर मी हाय बोनेटच मागेन.

ब्रेक दोघींचे सारखेच: चारही चाकांना ड्रम, मदतीला बूस्टर नाही. आजच्या गाडीची सवय असलेल्या पायानं दोन गाड्यांएवढं जास्त अंतर ठेवायचं. हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या मागच्या शाफ्टवर असतो. तो गाडी थांबल्यावरच ओढायचा. चालत्या गाडीत ओढलात तर सगळा झटका शाफ्ट आणि दात्यांवर येतो. कोरड्या डांबरावर फोर बाय फोर टाकून फिरायचं नाही. पुढच्या-मागच्या चाकांमध्ये फरक सोसायला तिथं काही नसतं, मग कुठंतरी लोखंड तुटतं.

लो बोनेटवाल्यांना एक इशारा जिवाचा आहे. युद्धातल्या पुष्कळ गाड्यांना दोन भागांत जुळवलेली चाकं असतात. कड्याभोवतीच्या नटांनी ते दोन भाग एकत्र धरलेले असतात. टायरमध्ये हवा असताना ते नट कधीही सैल करू नका. कडं बंदुकीच्या गोळीसारखं सुटतं. चाक काढायचे नट वेगळे, मध्याजवळचे. आणि डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असतात. मिस्त्री नवा असेल तर तो जोर लावून बोल्टच तोडतो, म्हणून आधी सांगून ठेवा.

आता ओळख. बाजारात बोनेट बुटकं दिसलं की विकणारा सांगतो, "सेकंड वर्ल्ड वॉरची आहे." तसं नसतं. युद्धानंतर विलिसनं नागरी वापरासाठी सीजे-२ए आणि मग सीजे-३ए काढली. त्यांचंही बोनेट बुटकंच. म्हणजे प्रत्येक युद्धातली जीप लो बोनेट, पण प्रत्येक लो बोनेट युद्धातली नाही.

पाहायचं काय? पुढची जाळी मोजा. युद्धातल्या गाडीच्या पत्र्याच्या जाळीला नऊ उभ्या फटी, नागरी गाडीला सात. अगदी सुरुवातीच्या एमबींना पत्र्याऐवजी लोखंडी पट्ट्यांची जाळी होती. युद्धातल्या गाडीचे हेडलाइट लहान, जाळीच्या आत दबलेले, आणि बिजागरीवर उलटे फिरवून रात्री इंजिनावर उजेड पाडता येईल असे. मागची बाजू बंद, पत्रा सलग. नागरी जीपला मागं उघडणारी फळी. युद्धातल्या गाडीत पेट्रोल भरायला ड्रायव्हरची गादी उचलावी लागते. आणि स्टिअरिंग डावीकडे. उजव्या स्टिअरिंगची युद्धातली गाडी दाखवली, तर ते नंतर बदललेलं आहे असं समजा.

एमबी की जीपीडब्ल्यू, हे गाडीखाली वाकल्याशिवाय कळत नाही. रेडिएटरच्या खाली, चॅसीच्या दोन दांड्यांना जोडणारा आडवा तुकडा पाहा. गोल नळी असेल तर विलिस. उलट्या नाल्यासारखा चौकोनी असेल तर फोर्ड. फोर्डची आणखी एक खूण फार गमतीची आहे. त्यांनी आपल्या भागांवर, अगदी बोल्टच्या डोक्यावरसुद्धा इंग्रजी एफ अक्षर कोरलेलं असतं. पण भारतात सापडणारी गाडी बहुधा मिसळीची असते. सैन्याच्या वर्कशॉपमध्ये जो भाग हाताला लागला तो बसवून गाडी रस्त्यावर काढायची, हाच हुकूम. त्यात लबाडी नाही, तो त्या गाडीचा इतिहास आहे. मात्र चॅसी कोणाची, हे पक्कं असलं पाहिजे. विलिसचा नंबर डाव्या दांडीच्या आतल्या बाजूला, बंपरमागं रिव्हेट केलेल्या पट्टीवर असतो. फोर्डचा डाव्या दांडीच्या वरच्या अंगाला ठोकलेला असतो. वर्षाचं नातं चॅसीशी असतं. जाळी, लाइट, अख्खा सांगाडासुद्धा नवा विकत मिळतो. फिलिपिन्समध्ये युद्धातल्या जीपचे पूर्ण पत्रे आजही बनतात. त्यामुळे पत्रा पाहून वर्ष ठरवणं म्हणजे शेरवानी पाहून मुलाचं शिक्षण ठरवणं.

मध्यंतरी एका तरुणानं मला नागपूरकडे एक गाडी पाहायला नेलं. विकणारा म्हणे, १९४२ ची विलिस. जाळी नऊ फटींची, स्टिअरिंग डावीकडे, रंग नवाकोरा. मी गाडीभोवती फिरलो नाही, सरळ खाली शिरलो. उजव्या दांडीवर स्टिअरिंग बॉक्सची जुनी भोकं वेल्डिंगनं बुजवलेली होती. म्हणजे गाडी जन्माची उजव्या हाताची. मागच्या सलग पत्र्यावर चुंबक फिरवला, दोन्ही कोपऱ्यांत तो धरेना. आत लांबी भरलेली, म्हणजे तिथं मूळची फळी होती. मग आरसी मागितली. त्यावर साधी १९६६ ची महिंद्राची जीप.

त्या तरुणाचे पैसे वाचले, तो खूश झाला. मला मात्र त्या गाडीचं वाईट वाटलं. कागदासकट, मूळ चॅसीची, १९६६ ची हाय बोनेट कुणाच्या तरी अंगणात धडधाकट उभी असणार. तिचं बोनेट कापलं, मूळ इंजिन भंगारात टाकलं, आणि खोट्या नावाची एक गाडी बनवली. आता ती लो बोनेटही नाही आणि हाय बोनेटही नाही.

यात पैशाचं नुकसान किती, ते कायद्यानं आणखी स्पष्ट केलं आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांमध्ये २०२१ साली जुन्या वाहनांसाठी वेगळी तरतूद आली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून जास्त झालेली दुचाकी किंवा चारचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' ही अक्षरं येतात. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, ती १० वर्षं चालते, पुढच्या नोंदणीला ५,००० रुपये. अशी गाडी रोजच्या कामाला किंवा धंद्याला वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणायची. आणि मुख्य अट: गाडी मूळ रूपात हवी. चॅसी, सांगाडा, इंजिन यांत मोठा फेरबदल चालत नाही.

हिशोब करून पाहा. १९६६ ची ती जीप आज या नोंदणीला पात्र ठरली असती. कापल्यामुळे तो हक्क गेला. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत फेरबदल करायला मनाई करतं. म्हणजे साध्या नोंदणीवरही ती गाडी अडचणीतच.

रंगाचंही ऐका, कारण हे विचारून मला फार त्रास देतात. "साहेब, आर्मीचा हिरवा मारू का?" नाही. ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठी आहे, नियम १२१ तसं सांगतो. वर बाण असलेला फौजेचा नंबरही खासगी गाडीवर चालत नाही. फौजेच्या गाडीचा मान ठेवायचा तर लिलावाची मूळ कागदपत्रं सांभाळा. त्या कागदांत गाडीचा फौजी नंबर सापडला, तर बाणापुढचे दोन आकडे वर्ष सांगतात. खरं वैभव तो कागद आहे.

घेताना क्रम असा ठेवा. आधी आरसी, मग चॅसी नंबर, मग इंजिन नंबर. कार्बन पेपर नसला तरी चालेल, पांढरा कागद ठेवून पेन्सिल घासा, नंबर उमटेल. तो आरसीशी जुळवा. मग गाडीखालचा गंज. रंग सगळ्यात शेवटी. आपल्या देशानं हा धडा १९४८ सालीच घेतला आहे. काश्मीरच्या लढाईसाठी लंडनमार्फत दुरुस्त केलेल्या जुन्या जीपांचा सुमारे ८० लाखांचा करार झाला. पैसे आधी गेले, १५५ गाड्या बंदरात उतरल्या, आणि त्या कामाच्या नाहीत म्हणून संसदेत रण माजलं. सरकारनं १९५५ मध्ये ते प्रकरण मिटवलं. सरकारला जे परवडलं ते तुम्हा-आम्हाला परवडणार नाही. गाडी पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

सुट्या भागांचं म्हणाल तर लो बोनेटचे भाग जगभर नवे बनतात, पण परदेशातून मागवावे लागतात. हाय बोनेटचे यांत्रिक भाग आपल्या जुन्या बाजारांत अजून सापडतात, आणि तिला ओळखणारा मिस्त्री तालुक्याच्या गावीही भेटतो. तिची अडचण वेगळी. डिझेल स्वस्त होतं त्या काळात तिची पेट्रोल इंजिनं काढून लोकांनी डिझेल बसवली. म्हणून आज मूळ हरिकेन इंजिनासकटची हाय बोनेट भेटली तर सोडू नका. दोघींनाही एक काम पहिल्या दिवशी करा. इंधनाच्या रबरी नळ्या आणि पंपातला पडदा बदला. हल्लीच्या पेट्रोलात इथेनॉल असतं, जुनं रबर त्यात फुगतं आणि तडकतं. तिथून गळती, आणि गळतीतून आग.

तर शेवटी कोणती? ज्यांच्याकडे बंद शेड आहे, धीर आहे, परदेशातून बोल्ट मागवून महिनाभर वाट पाहायची तयारी आहे, त्यांनी लो बोनेट घ्यावी. ती जगाच्या इतिहासाचा तुकडा आहे, आणि तिला जपणारे अमेरिकेत, युरोपात हजारो आहेत. आपण न जपली तर कुणीतरी जपेलच.

हाय बोनेटचं तसं नाही. मुंबईत बनलेली, आपल्या तहसिलीत धावलेली, आपल्या जवानांनी सीमेवर नेलेली ही गाडी आपणच सांभाळली तर राहील. ती अजून पुष्कळ दिसते म्हणून तिची किंमत कळत नाही. आणि तिचंच बोनेट कापून लोक महागाची नक्कल बनवतात. तुमच्या घरी, काकांच्या शेतावर, कुठं एखादी उभी असेल तर या आठवड्यात दोन कामं करा. तिची आरसी शोधून कोरड्या जागी ठेवा, आणि तिच्यावर ताडपत्री टाका. बाकीचं काम सवडीनं होईल.

जय हिंद.